दादाची कॅसेट

बँडमधली मंडळी तिला ‘ढिली’ म्हणत, कारण तिच्या गिटारच्या तारा सगळ्यांपेक्षा खाली उतरवलेल्या असत. ड्रमवाला तर तोंडावर म्हणायचा, “बाई, गिटार वाजवतेस की कपडे वाळत घालतेस?” पण तिनं ब्लूज सुरू केलं की त्याचीही बोलती बंद व्हायची. चोविसाव्या वर्षीच तिचं नाव झालं होतं. लोक म्हणत, हिच्या हातांनी दुसरंच कुणीतरी वाजवतंय.

आणि खोटं नव्हतं हो ते. ती तीन वर्षांची असताना तिचा सतरा वर्षांचा दादा मोटरसायकलच्या अपघातात गेला. मागे राहिली त्याची गिटार आणि मित्राच्या घरी भरलेली एक कॅसेट. अकराव्या वर्षी तिनं ती घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावली आणि त्याच्या सुराशी सूर जुळेपर्यंत तारा ढिल्या केल्या. दुसरा गुरू तिला नव्हताच. शाळेतून आली की दप्तर भिरकावून टेपसमोर बसायची. दादा जड, घोगऱ्या आवाजात गायचा, मध्येच हसायचा. ती त्याच्याशी बोलायची, भांडायची, रुसायचीसुद्धा. वाजवताना पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटायचं. दुसरी एखादी घाबरली असती, हिला आधार वाटायचा.

आई मात्र टेप लागली की उठून जायची. घासलेली भांडी पुन्हा घासायची. “तुला दादा नकोसाच झालाय,” ढिली एकदा फाडकन बोलून गेली. आईनं नळ आणखी मोठा सोडला.

पहिल्या रेकॉर्डची सुरुवात दादाच्या गाण्यानंच करायची, हा तिचा हट्ट. आईला तिनं ओढतच स्टुडिओत नेलं. रेकॉर्डिंगवाल्यानं कॅसेट लावली, आणि कुणी कोवळ्या, चिरक्या आवाजाचा पोरगा भराभर गायला लागला.

“हा कोण? कॅसेट बदलली तुम्ही!” ती ओरडली.

“छे हो. तुमच्या घरच्या टेपची मोटर हळू फिरत असणार. खरा आवाज हाच.”

ती आईकडे वळली. आई उठून उभी राहिली होती.

“हाच गं! हाच माझा सोन्या! त्या टेपमधला बाप्या कोण, मला कळायचंच नाही. वाटायचं, कसली मी आई, पोटच्या पोराचा आवाज विसरले! सांगणार तरी कुणाला?”

ज्यानं ढिलीला शिकवलं, हसवलं, तो माणूस कधी जन्मालाच आला नव्हता.

रेकॉर्डिंगवाला चाचरत म्हणाला, “हवं तर हळू करून जुन्यासारखा घेतो. कोणता ठेवू?”

तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. एकवीस वर्षांत ते असं उजळलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

“हाच ठेवा,” ती म्हणाली, आणि गिटारच्या खुंट्या पिळायला लागली. एकेक तार वर चढत गेली. पाठीमागे आता कुणीच नव्हतं.

“रडतेस काय वेडे?” आई म्हणाली. “भेटला ना दादा?”

“तुला भेटला, आई. माझा आत्ता गेला.”