रुपयावरची वीण

आमच्या देवघरात देवीच्या टाकाशेजारी हळदीच्या फडक्यात बांधलेला एक रुपया असायचा. लहानपणी मला त्याच्याविषयी एवढंच ठाऊक होतं की त्याला हात लावायचा नाही. आई रोज सकाळी देवांना फुलं वाहायची आणि शेवटचं फूल त्या पुरचुंडीवर ठेवायची. ठेवताना काहीतरी पुटपुटायची. ते मंत्र नव्हेत हे मला मोठेपणी कळलं. ती तिथे गप्पा मारत असे. आज कोण आलं होतं, काय शिजवलंय, असलं काहीबाही.

तो नवसाचा रुपया होता. मी चार वर्षांचा आणि माझी बहीण सात वर्षांची असताना आम्हा दोघांना एकदमच ताप भरला. उतरेना, तेव्हा आईने घरातला एकुलता एक चांदीचा रुपया काढला. आजीने दिलेला, ब्रिटिश आमदानीतला, राजाचं डोकं असलेला. बहिणीच्या जुन्या फ्रॉकची कड फाडून ती हळदीत बुडवली, वाळवली, त्यात तो बांधला आणि गावच्या देवीला सांगितलं, "दोघांक बरा कर, रुपयो घेवन येतंय."

मी बरा झालो. बहीण गेली.

रुपया गावी कधी गेलाच नाही. वडिलांनी एकदा विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "अर्धो नवस कसो फेडतलंय?" देवीला द्यावा तर तिने शब्द पुरा केलेला नाही, आणि मोडावा तर मी समोर जिवंत बसलेला. म्हणून तो तसाच बांधलेला राहिला. बहिणीचा फोटो आमच्याकडे नाही. कपडे तेव्हाच कुणाकुणाला देऊन टाकले. मला तिचा चेहरा आठवत नाही, आणि हे मी आईला आजवर सांगितलेलं नाही.

मी दिंडोशीला कोर्टात नोकरी करतो आणि नाणी जमवतो. जमवणाऱ्याला एक खोड लागते, बंद वस्तूच्या आत काय असेल ते त्याला स्वस्थ बसू देत नाही. जुन्या चांदीवर हवेने, कागदाने, कापडाने हळूहळू रंग चढतो. आम्ही त्याला टोनिंग म्हणतो. काही लोक औषधं लावून, तापवून खोटे रंग आणतात. खरा रंग मात्र वर्षानुवर्षं कुणी हात न लावता पडून राहिलेल्या नाण्यालाच येतो. आमच्या देवघरात असं एक नाणं आहे, हे मला फार आधीपासून कळत होतं.

मागच्या वर्षी दहिसरची आमची इमारत पाडायला निघाली आणि आम्ही बोरिवलीला भाड्याने जागा घेतली. बांधाबांध चालू होती. दुपारी आई जरा आडवी झाली होती. देवघर मी आवरत होतो. पुरचुंडी हातात आली तेव्हा मी मनाशी म्हटलं, कापड विरलंय, सामानात रुपया पडून जाईल, एकदा बघून घेऊ. गाठ इतकी घट्ट होती की दात लावावा लागला. जिभेवर हळदीची कडसर चव आली. पाणी प्यायलो तरी ती गेली नाही.

आतला रुपया मी खिडकीशी नेला. कडेला निळा, मग जांभळा, मध्ये फिकट गुलाबी. तिरका धरला की रंग सरकायचे. इतकं सुंदर नाणं माझ्या हातात कधी आलं नव्हतं. मी माझ्या संग्रहातला तसाच दुसरा रुपया, मळकट, साधा, त्या फडक्यात ठेवला आणि पुन्हा गाठ मारली.

घाटकोपरला एक व्यापारी आहे, तो नाणी ग्रेडिंगला पाठवतो. म्हणजे तज्ज्ञ नाणं तपासतात, खरं-खोटं ठरवतात, रंग नैसर्गिक आहे का पाहतात, गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत कायमचं बंद करून परत करतात. डबी फोडली की ते गुण संपले. व्यापाऱ्याने भिंगातून पाहिलं आणि शीळ घातली.

"साहेब, कुठे लपवलं होतं हे?"

"घरातच होतं."

"आणि कुणी चिंच लावून घासलं नाही? वहिनींना माझा नमस्कार सांगा यार! दिवाळीला लोक असल्या मालाची वाट लावतात."

मी हसलो. फॉर्मवर सही केली.

नव्या घरातल्या पहिल्या सकाळी आईने देवांना फुलं वाहिली आणि ती उठली. पुरचुंडी तशीच राहिली. विसरली असेल, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोज तेच. ताटलीत एक फूल उरायचं आणि संध्याकाळपर्यंत वाळून जायचं. पुटपुटणंही थांबलं. मी आंघोळ करताना नळ बंद करून कान द्यायचो. देवघरातून काहीच ऐकू यायचं नाही. घरातून कुणीतरी उठून गेलंय आणि त्याला मी दार उघडून दिलंय, असं वाटत राहायचं. माझ्या मागे कुणी उभं नसतानाही मी दारातून जाताना बाजूला सरकून वाट देऊ लागलो होतो.

दोनेक महिन्यांनी निकाल आला. टोनिंग नैसर्गिक, गुण उत्तम. सोबत मोठा करून काढलेला फोटो होता. कोर्टातल्या जेवणाच्या सुट्टीत मी तो मोबाईलवर बोटांनी आणखी मोठा केला. राजाच्या गालावर कापडाची वीण उमटली होती, आडवे-उभे धागे, स्पष्ट. आणि त्या विणीतून तिरकी जाणारी बारीक ठिपक्यांची एक ओळ. मला ती काय आहे ते समजेना. जेवणाचा डबा मी न खाताच बंद केला.

डबी घेऊन घरी आलो त्या दिवशी मी आईसमोर बसलो. आधी फोटोच दाखवला. तिने मोबाईल डोळ्यांपाशी नेला. बराच वेळ पाहिला. मग त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"ह्यो माझो टाको. फ्रॉक आखूड झालो होतो, तेची कड मी सोडलेलंय. उंची वाढलेली तिची."

मी सगळं सांगितलं. ती मध्येच म्हणाली, "ठावक आसा. ती गाठ माझी नाय. मी पयल्याच दिवशी वळाखलंय."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू कधी बोलतंस ता बघीत होतंय."

मी डबी तिच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट केली, अंगठ्याने प्लॅस्टिक चोळलं, कानाशी हलवून पाहिली. "ह्येच्यात कित्याक कोंडून ठेवलंस तिका?" मग उठली, पुरचुंडी आणली, माझा रुपया काढून माझ्याकडे टाकला आणि ते फडकं डबीभोवती गुंडाळू लागली. फडकं इवलंसं. टोकाला टोक पोहोचेना. एकदा, दोनदा, ती ओढत राहिली. विरलेलं कापड एका बाजूने उसवलं तेव्हा मला बघवेना.

मी हत्यारांच्या पिशवीतून पक्कड आणली. डबीचा कोपरा पकडीत धरला.

"हळू रे," आई म्हणाली. "तिका लागात."

मी दाबलं. प्लॅस्टिक कडाडलं, डबी उघडली आणि रुपया उडाला. फरशीवर पडायच्या आत मी तो झेलला. आयुष्यभर नाणं कडेने धरायची शिस्त पाळलेली, पण त्या क्षणी तो माझ्या तळहातात गेला आणि अंगठा बरोबर राजाच्या गालावर दाबला गेला. आईने हात पुढे केला. मी पुसला नाही. पुसलं असतं तर वीणही गेली असती.

तिने तो फडक्यात ठेवला. मला गाठीवर बोट धरायला सांगितलं. मी धरलं. तिने घट्ट ओढलं आणि मी बोट काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशीपासून फूल पुन्हा तिथे जाऊ लागलं. आई बोलते, हल्ली जरा जास्तच. हाताचा घाम चांदीला लागला की लगेच दिसत नाही. काही वर्षांनी ठसा वर येतो, तपकिरी, रेघ न् रेघ, आणि मग तो जात नाही. मी सकाळी कामाला निघताना देवघरापुढे थांबतो. आई बहिणीला सांगत असते, आज भाजी कुठली आहे ते. आत, आईच्या टाक्यांच्या ओळीवर, माझा अंगठा हळूहळू उमटत असतो.