न्हाणीतला नळ आणि लूमचं तेल

बमरोलीच्या आमच्या चाळीत सगळ्या बायकांना मिळून एकच न्हाणी, आणि तिच्यातला नळ इतका घट्ट की पैलवान आणावा. शेजारच्या काकूंची मनगटं कापडाच्या कारखान्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरून भरून सुजलेली. त्यांना अंघोळ करायची म्हणजे आधी कुणा गड्याला हाक मारायची, त्यानं नळ उघडायचा, बाहेर यायचं, मग काकूंनी कडी लावायची. अंघोळ झाली की लुगडं कसंबसं गुंडाळून पुन्हा हाक: "नळ बंद करी द्या रे कोनी."

मी तेव्हा नुकतीच बायकांच्या प्रश्नांवर पत्रकं लिहायला लागले होते. 'अंघोळीला गडी कशाला?' असा मथळा देऊन एक झणझणीत पत्रक काढलं आणि चाळीच्या मालकाच्या, शेठच्या, हातात नेऊन दिलं. त्यानं ते शांतपणे वाचलं. मग गुजरातीत म्हणाला, "नळ तो बराबर छे बेन. तमारा हाथमां जोर नथी."

घरी येऊन मी फणफणत होते. बाबा जेवता जेवता म्हणाले, "पत्रकानं नळ फिरस का? तेल टाक."

तेल. आमच्या चाळीचं एकच औषध. लूम अडला, तेल. दार कुरकुरलं, तेल. गुडघा धरला, तरी तेच तेल. कारखान्याची पाळी सुटली की जो तो लूमखाली गळतं तेल धरणाऱ्या ताटलीतून बाटलीभर घेऊन यायचा आणि नळाच्या दांडीवर ओतायचा. अंघोळीच्या पाण्यालाही कारखान्याचा वास यायचा. नळ मात्र दिवसेंदिवस जास्तच घट्ट.

शेवटी सुट्टीच्या दिवशी टाकीचा कॉक बंद केला, बाबांचा पाना घेतला आणि नळाचं डोकं खोलून बसले. आत दांडीभोवती काळी गादीच भरलेली. बोटांनी ओढली तर लूमवरून उडतो तो सुताचा भुसा निघाला. ताटलीतलं तेल म्हणजे निम्मा भुसाच की! आम्हीच तो रोज नळात ठासत होतो. सगळं रॉकेलनं धुतलं, नवा दोरा गुंडाळला, डोकं परत बसवलं. शेठ सुटला असं मात्र कुणी समजू नये. नळ बघणं त्याचं काम होतं, आणि त्यानं साधं वाकूनही बघितलं नव्हतं.

बाबा सवयीनं बाटली घेऊन आलेच. मी पाना उगारला. "बाबा, आता तेल नको."

"थोडंसं?"

"थेंबसुद्धा नको."

काकू आल्या. दोन बोटांनी नळ फिरवला. पाणी आलं. बंद केला, पुन्हा उघडला. आता काहीतरी बोलतील म्हणून मी दाराबाहेरच उभी. काकूंनी दार लोटलं, कडी लावली. आतून बादलीत धार पडल्याचा आवाज आला आणि मग काकूंचा:

"कोन उभी शे तठे? जाय घर. माले अंघोळ करनी शे."