घरचा आशीर्वाद

आमच्या घरी रोझरी झाली की आशीर्वाद मागायची रीत होती. शेवटची प्रार्थना संपायची, माळा डबीत जायच्या, की सगळ्यांत धाकट्याने उठायचं आणि आपल्याहून मोठ्या प्रत्येकासमोर हात जोडून उभं राहायचं. 'आजी, आशीर्वाद दे. बाबा, आशीर्वाद द्या.' मोठ्याने अंगठ्याने कपाळावर क्रूस काढायचा आणि दोन शब्द बोलायचे. मग त्याच्या वरचा उठणार. असं करत करत शेवटी आजी उरायची. तिच्या वर घरात कोणी नव्हतं. ती पदर सावरून चुलीकडे जायची. ती कुणाकडे मागते, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही. जेवण वाढायची वेळ झालेली असायची, आणि भुकेपुढे कुणाला काय सुचतं.

माझं माहेर ठाण्याचं, खाडीच्या अंगाला असलेल्या जुन्या कॅथलिक पाड्यातलं. पाड्याच्या तोंडाशी चुन्याने रंगवलेला क्रूस होता. मे महिन्यात रोज संध्याकाळी तिथे सगळ्या घरांची मिळून प्रार्थना व्हायची आणि नंतर द्रोणातून उकडलेले चणे. खरं सांगायचं तर माझी श्रद्धा बराच काळ त्या चण्यांवर उभी होती. लितानी, म्हणजे मातेच्या नावांची ती लांबलचक आळवणी, संपेना झाली की मी डोळे मिटून चणेच बघायचे. पण चणे खाऊन झाले की तिथेही आशीर्वाद होताच, आणि तो मात्र मला मनापासून आवडायचा. पाड्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे अंगठे माझ्या ओळखीचे होते. कुणाचा खरखरीत, कुणाच्या अंगठ्याला तपकिरीचा वास. आईच्या अंगठ्याला बाराही महिने लसणाचा वास असायचा. तिचे शब्दही ठरलेले. 'देव बरं करो, पोरी.' यापेक्षा जास्त कधी नाही, आणि मी कितीही वाईट वागले असले तरी कमीही नाही.

एकच अट होती. रुसवा धरून आशीर्वाद मागायचा नाही. भावाशी भांडले असेन तर आई हात मागे घ्यायची आणि म्हणायची, "आधी तिकडे मिटव, मग इकडे ये." पोटात कावळे ओरडत असताना भावाची समजूत काढणं म्हणजे काय असतं, ते मी भोगलंय. पण आमची भांडणं कधी शिळी झाली नाहीत, ती या अटीमुळेच.

लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा पहिली पंचाईत झाली ती हीच. नवऱ्याच्या घरी रोझरी होती, पण आशीर्वाद फक्त नाताळला. मग मी खाली कोपऱ्यावरच्या पीसीओवरून ठाण्याला शेजारच्यांकडे फोन लावायचे. ते आईला हाक मारायचे, ती धावत यायची. मी म्हणायचे, "आई, आशीर्वाद दे." ती धापा टाकत म्हणायची, "देव बरं करो, पोरी," आणि फोन ठेवायची. काय जेवलीस, कशी आहेस, काही नाही. नवरा विचारायचा, "आला का वरून आशीर्वाद? मग आता चहा कर." माझा नवरा मनाचा चांगला आहे, फक्त त्याला चहा वेळेवर लागतो.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली, आणि आमच्या दोन खोल्यांत पाड्यातली संध्याकाळ सुरू झाली. आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ती सगळं इंग्रजीत शिकायची. आमच्या चर्चमध्ये मल्याळी, तामिळ, कोकणी, गोवेकर, मंगळूरकर, सगळेच, त्यामुळे चालतं ते इंग्रजीच. मराठी मिस्सा महिन्यातून एकदा, तीही दुपारच्या अशा वेळी की फादरलाही जांभई आवरत नाही. आई त्या मिस्सेला लुगडं नेसून पुढच्या बाकावर बसायची आणि गाणं सगळ्यांच्या अर्धी ओळ मागून म्हणायची. गायकवृंदाने तक्रार केली तेव्हा म्हणाली, "देवाला घाई नाही, तुम्हाला कसली?" मुलीला प्रार्थना तिने ओट्यापाशी शिकवल्या, लसूण सोलता सोलता. मुलगी अर्धी प्रार्थना इंग्रजीत सुरू करायची आणि उरलेली मराठीत संपवायची. मी टोकायला गेले की आई म्हणायची, "पोहोचते गो, दोन्हीकडून पोहोचते." मी स्वतः पुढे बरीच वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले. फळ्यावर खूप काही लिहिलं. पण माझ्या मुलीत जो काही विश्वास आहे तो ओट्यापासचा आहे, माझ्या फळ्यावरचा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

शेजारी काकू. राजापूरकडच्या, आईहून थोड्या मोठ्या, तोंडाने फटकळ. आईचं आणि त्यांचं जिन्यातल्या चपलांच्या स्टँडवरून कायम वाजलेलं असायचं. वरचा खण कुणाचा, या प्रश्नावर दोघींनी जेवढा विचार केला तेवढा सोसायटीने पाण्याच्या टाकीवरही केला नसेल. तरी ऑक्टोबरात आमच्याकडे मारिया मातेची मूर्ती यायची त्या संध्याकाळी काकू न बोलावता यायच्या, शेवंतीची वेणी घेऊन. मूर्तीला वेणी घालायच्या, खुर्चीवर बसायच्या, आणि सगळी रोझरी संपेपर्यंत हलायच्या नाहीत. आईशी एक शब्द बोलायच्या नाहीत.

आईच्या शेवटच्या दुखण्यात तिला कल्याणच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. संध्याकाळी मी जायचे, तिच्या उशाशी हळू आवाजात माळ जपायचे, आणि झाली की कपाळ पुढे करायचे. सलाइन लावलेला हात उचलवत नसे, तरी ती अंगठा टेकवायची. शेवटच्या संध्याकाळी माळ झाली, मी वाकले, तर आईनेच हात जोडले. माझ्याकडे बघून म्हणाली, "आशीर्वाद दे गो." नर्सने सांगून ठेवलं होतं की सोडियम उतरलंय, त्या गोंधळल्यासारखं बोलतील. मला वाटलं, हिला मी आजी दिसतेय. मी तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि आजीच्या आवाजात म्हणाले, "देव बरं करो, पोरी." आईचा चेहरा एकदम सैल झाला, तिने डोळे मिटले आणि ती झोपली. मी माझा आशीर्वाद मागितला नाही. उठवून काय मागायचं. उद्या मागू, असं म्हणून घरी आले. पहाटे ती गेली.

त्यानंतर मला आशीर्वाद नाही. हे कुणाला सांगितलं तर हसतील. माझ्या वयाच्या बायकांना गुडघ्यांचं दुःख असतं, सुनांचं असतं. मला संध्याकाळी माळ डबीत ठेवली की कपाळ उघडं पडल्यासारखं वाटतं. मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉल करते, मोबाइल कपाळाशी धरते, मी इकडून काचेवर अंगठा फिरवते. "देव बरं करो, पोरी." एकदा फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "मम्मी, आता तुला कोण गं देतं?" मी म्हणाले, "गॅसवर दूध आहे," आणि फोन बंद केला. गॅसवर काहीही नव्हतं.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. मिस्सेनंतर फादरना गाठलं. ते माझ्या मुलीहूनही लहान. त्यांनी एका हाताने खिशात स्कूटरची चावी शोधत दुसऱ्या हाताने सुंदर आशीर्वाद दिला, बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, यथासांग. मी आमेन म्हटलं. तो आशीर्वाद खराच, त्यात मी खोट काढत नाही. पण तो देवळाचा होता आणि मला घरचा हवा होता. ठाण्याला जाऊन बघितलं, तर पाड्यातल्या माझ्या ओळखीच्या अंगठ्यांपैकी एकही उरलेला नाही. क्रूस आहे. भोवती इमारती आहेत. क्रुसासमोर उभी राहून रडले आणि परत आले. नवऱ्याचं म्हणाल तर तो माझ्याहून मोठा आहे, पण नवरा-बायकोत आशीर्वाद चालत नाही, तिथे तह चालतो.

यंदा ऑक्टोबरात मूर्ती आमच्याकडे आली. ती आमच्या विभागातल्या कॅथलिक घरांतून फिरते. एका घरी मुक्काम, दुसऱ्या संध्याकाळी प्रार्थना करून पुढच्या घरी. आदल्या घरचे लोक ती मेणबत्त्यांसह आमच्याकडे घेऊन आले. मी पांढरी चादर अंथरली होती, चणे उकडून ठेवले होते. काकू आल्या. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, भिंतीला धरून आल्या, पण वेणी आणली. रोझरी झाली. आईने इतकी वर्षं लावलेली सवय सगळ्या विभागाला लागलेली. मूर्ती आमच्या घरी आली की आशीर्वाद होणार, हे ठरलेलं. मुलं उठली. मग त्यांचे आईबाप उठले. आमच्याहून मोठे जे होते ते गेले, काही देवाकडे, काही कॅनडाला. तेव्हा एकेक करून सगळे आम्हा नवरा-बायकोसमोर येत राहिले. मी सगळ्यांच्या कपाळावर क्रूस काढला. शेवटचं माणूस बाजूला झालं आणि समोर कोणी राहिलं नाही. माझे हात आपसूक जोडले गेले. सवयच ती. जोडलेले हात कुठे न्यायचे ते कळेना, मी ते पदरात पुसल्यासारखं केलं आणि चणे आणायला आत वळले.

सगळे गेल्यावर काकू बसूनच होत्या. नवरा खालपर्यंत लोकांना सोडायला गेला होता.

"चणे देऊ का, काकू?" मी विचारलं.

"दात कुठे आहेत मला," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू का नाही आलीस गं?"

"कुठे?"

"माझ्याकडे. तुझी आई यायची."

मला वाटलं, त्यांचाही गोंधळ झालाय. "आई तुमच्याकडे? कधी?"

"रोज. तुमची प्रार्थना संपली की. आत यायची नाही, उंबऱ्यातच उभी. हात जोडायची आणि म्हणायची, घरात माझ्याहून मोठं कोणी नाही, तुम्ही मोठ्या आहात, आशीर्वाद द्या. पहिल्यांदा मी म्हटलं, बाई, मी तुमच्यातली नाही, मला नाही येत तुमचं ते. तर म्हणाली, वयाने मोठ्या आहात ना, मग झालं. शब्द तिनेच शिकवले मला. आणि कुणाला बोलायचं नाही म्हणून बजावलं. पोरांना वाटेल म्हातारीला काहीतरी कमी पडतंय."

रोझरी झाल्यावर आई दार उघडून बाहेर जायची खरी. आम्हाला वाटायचं, वरच्या खणात कुणी चपला ठेवल्यात का ते बघायला जाते. नवरा हसायचा, मीही हसायचे. आणि काकू तोंडाने फटकळ, पण ही गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती. भांडणसुद्धा त्या वेळेपुरतं मिटवूनच आई त्यांच्या दारात उभी राहत असणार. तिची अटच होती ती. दोघी परत सकाळी नव्याने भांडायच्या.

मी खाली फरशीवर बसले. दवाखान्यातली आई गोंधळलेली नव्हती. तिने मला ओळखलं होतं. काकू तिथे नव्हत्या, जी होती तिच्याकडे तिने मागितला, एवढंच. आणि मी आजीचा आवाज काढत बसले.

"मी तिच्याहून दोन वर्षांनीच मोठी," काकू म्हणाल्या. "पण 'पोरी' म्हटल्याशिवाय ती दारातून हलायची नाही. नुसतं 'देव बरं करो' म्हटलं की तशीच उभी. मी म्हणायचे, अहो, नातवंडं झाली तुम्हाला. तर म्हणायची, ते असू दे, तुम्ही म्हणा."

मग त्यांनी खुर्चीचा हात धरून पुढे वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि जरा वैतागून म्हणाल्या, "अशी खाली काय बसलीस? इकडे सरक. मला पोहोचत नाही."

मी सरकले. हात जोडले. म्हटलं, "काकू, आशीर्वाद द्या."

त्यांनी काढलेला क्रूस वाकडा झाला. अंगठ्याला शेवंतीचा वास होता. लसणाचा नव्हता, आईचा नव्हता, आणि तो आईचा नाही हे मला त्या क्षणी इतकं जाणवलं की हुंदका आला.

"देव बरं करो," काकू म्हणाल्या, आणि थांबल्या.

एकसष्टाव्या वर्षी मी तशीच बसून राहिले, कपाळ पुढे करून, हलले नाही.

"पोरी," काकू म्हणाल्या.