हवाबीच्या बापाची मधली तीन वर्षं

ओमानात, मस्कतजवळच्या सीबच्या जुन्या बाजारामागं, मासळीच्या लिलावाचा गलका जिथवर पोचतो तिथवर, हवाबीचं घर आहे. भाडं मुलगा भरतो, अलीमियाँ. पण गल्लीत कुणालाही विचारा, घर हवाबीचंच. वय ऐंशीच्या पुढं. दाभोळच्या खाडीकाठची बाई. आम्हा खाडीकाठच्यांचा एक ताठा असतो. समुद्र आमची माणसं नेतो, पण आम्ही त्याच्यासमोर रडत नाही.

दुसरी मोठी लढाई पेटली तेव्हा आमच्या किनाऱ्यावरचे तरणे गडी मुंबई गाठून विलायती बोटींवर खलाशी म्हणून चढले. लढाई कुणाची, कशासाठी, हे कुणी त्यांना सांगितलं नाही. बोटीवर पोटभर जेवण होतं, एवढं त्यांना कळलं. हवाबी पाळण्यात असताना तिचा बाप असाच गेला. अरबी समुद्रात तेव्हा शत्रूच्या पाणबुड्या फिरत. बोट बुडाल्याची खबर गावात आली. माणसांचं काय झालं, ते कळलं नाही. कुणी म्हणालं, सगळे गेले. कुणी म्हणालं, काहींना उचलून कराचीला उतरवलं. कराची तेव्हा आपल्याच मुलखातलं बंदर. पुढं लढाई संपली, एका देशाचे दोन झाले, आणि त्या खबरीच्या मधोमध सरहद्द उभी राहिली.

कोकणी मुसलमानांत परमुलखात मेलेल्याची नमाज मय्यत समोर नसतानाही पढतात. गावकरी हवाबीच्या आईला म्हणाले, आता पढून टाकू. ती म्हणाली, "कोण मेलंय?" हातात हिरव्या बांगड्या तशाच ठेवून ती म्हातारी झाली आणि वारली.

विधवा झाल्यावर हवाबी मुलाकडं ओमानला आली. इथं तिला शेजार लाभला तो बाबामियाँचा. त्याचं मस्कतच्या हमरियात मसाल्याचं दुकान. माणूस जन्मानं कराचीचा, पण आजा आमच्याच खाडीचा. दर जुम्म्याला हवाबीकडून त्याच्याकडं सांदणांचं ताट जायचं आणि कधी रिकामं परत यायचं नाही.

अलीमियाँ म्हणायचा, "माय, विचार ना त्याला. कराचीतले सगळे कोकणी त्याच्या वळखीचे."

"विचारलं की उत्तर येतं रे."

"मग येऊ दे की."

"समुद्रात मेला असंल तर तो माजा बाप. कराचीत जगला असंल, तर आम्ही त्याचे कोण?"

यंदा हिवाळ्यात ती आजारी पडली. उठली, पण अंगात काही उरलं नव्हतं. बाबामियाँ बघायला आला तेव्हा तिनंच विषय काढला.

"इतकी सांदणं खाल्लीस बाबामियाँ, आता एक काम कर."

"हुकूम करा चाची. सांदणाला नारळ कमी असतो, हे आज तरी बोलू का?"

"नंतर बोल. आधी माजा बाप शोध."

काही दिवसांनी दुपार कलताना तो आला. पुढ्यातल्या चहाला त्यानं हात लावला नाही.

"चाची, ते बुडाले नव्हते. कराचीच्या गोदीत कामाला होते. तिथं निकाह केला. म्हातारे होऊन गेले. मुलगी आहे, खैरून. तुमच्याशी बोलायचं म्हणते."

"नको माय, तुझी तब्येत..." अलीमियाँ म्हणाला.

"गप. लाव फोन."

पलीकडून थकलेला आवाज आला. "सलाम आपा. मी खैरून."

"वालेकुम सलाम. आपली बोली येते तुला?"

"अब्बांनी घरात दुसरी चालूच दिली नाय." मग ती भरभर बोलू लागली. "आपा, अब्बा येणार होते. रोज म्हणायचे. पण तिकडं यायला परमिट लागलं. ते मिळालं नाय. मग पासपोर्ट निघाले, मग दोन देशांच्या लढाया..."

हवाबीनं मान वळवली. "बाबामियाँ, परमिट कवा लागलं?"

"अठ्ठेचाळीसला, चाची."

"आणि मोठी लढाई खलास कवा झाली?"

"पंचेचाळीसला."

"खैरून, मधली तीन वर्षं वाट मोकळी होती. कराचीची बोट मुंबईला जात होती. तेव्हा बाप काय करत होता?"

"लाजत होते, आपा. माज्या अम्माशी निकाह झाला होता, मी झाले होते. एकदा मुंबईपर्यंत गेले आणि धक्क्यावरूनच परतले. मग सरहद्द झाली. खोटं कशाला बोलू? सरहद्दीनं त्यांना बहाणा दिला."

बाबामियाँनं खाली बघितलं. अलीमियाँ फोन घ्यायला पुढं झाला, तर म्हातारीनं तो आणखी घट्ट धरला.

"खरं बोललीस. परमिटावरच थांबली असतीस तर मी फोन ठेवला असता."

"आपा, मय्यत उठायच्या आधी मेलेल्यासाठी लोकांकडं माफी मागतात. तुमच्याकडं मागायला कुणी आलं नाय. आज मी मागते."

"माज्या वाटची केली माफ," हवाबी म्हणाली. "मायच्या वाटची माज्या हातात नाय. ती तिच्याजवळ."

"बरं, आपा."

"आणि ऐक. तुला तिकडं कोकणात येता येत नाय, मला कराचीत. इथं मस्कतला दोघींना येता येतं. ये. बापाचं तोंड मी बघितलं नाय, तुझं बघीन."

पलीकडची म्हातारी रडता रडता हसली. "आपा, मी तर अम्मावर गेलेय."

"तरी ये," हवाबी म्हणाली.