आमच्या कॉलनीचं प्राणिसंग्रहालय

माघातल्या कोवळ्या उन्हात तारेच्या कुंपणावरून एक लांबलचक, करड्या पिसांची मान वर यायची, रस्त्यावरून शाळेत निघालेल्या आम्हां मुलांकडे नारिंगी डोळ्यांनी टक लावून बघायची, आणि आमच्यातल्या कुणाच्या तरी वेणीची रिबीन हलकेच ओढून पाहायची... तो आमचा एमू. नाशिकच्या इंदिरानगरात, इमारतींच्या दाटीत अडकलेल्या एका मोकळ्या भूखंडावर आमच्या कॉलनीचं स्वतःचं प्राणिसंग्रहालय होतं, आणि त्याचा मला इतका अभिमान होता की मामाच्या गावी लासलगावला गेले तरी मी मुलांना आधी तेच सांगायचे.

त्याची सुरुवात झाली ती कचऱ्यातून. त्या भूखंडावर लोक राडारोडा टाकत. शेजारच्या सोनवणेकाकांना एका सकाळी तिथे खोक्यात सोडून दिलेले दोन ससे सापडले. नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले काका रिकामपणाला कंटाळलेलेच होते. त्यांनी सशांसाठी जाळीचं घर बांधलं, मग भोवतालची जागा साफ केली, आणि हळूहळू सगळी कॉलनीच त्यात ओढली गेली. कुणी बदकं आणली, कुणी टर्कीची जोडी. दिंडोरीकडच्या एका शेतकऱ्याने पक्षिपालन बंद केलं, तेव्हा हा एमू आला. द्राक्षांच्या हंगामात घडांवरून गळालेले मणी पाट्या भरभरून यायचे, आणि मग त्या आवाराला आंबूस-गोड वास सुटायचा — ओल्या लसूणघासाचा, कडब्याचा, बदकांच्या हौदातल्या शेवाळलेल्या पाण्याचा वास त्यात मिसळलेला...

सगळ्यांत शेवटी चांदणी आली. पंचवटीतल्या युसुफचाचांच्या टांग्याची ही पांढरी घोडी. एका डोळ्याने अधू झालेली. टांग्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. चाचा तिला स्वतः चालवत घेऊन आले आणि सोनवणेकाकांना म्हणाले, "विकली तर कुठं जाईल, काय ठाव. इथं राहिली तर मी येऊन बघत तरी जाईन."

माझी आई मात्र या आवाराच्या फाटकातून कधी आत आली नव्हती. लहानपणी तिला कुत्रा चावला होता. तेव्हापासून जनावर म्हटलं की तिचे हातपाय गार पडत. भाज्यांचे देठ, मटाराची सालं ती निगुतीने पिशवीत भरून माझ्या हाती द्यायची आणि स्वतः फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहायची.

मग त्या भाद्रपदात पाऊस थांबेचना. दुपारी नासर्डी नदीचं पाणी नाल्यातून उलटं फिरलं आणि बघता बघता आवारात शिरलं. जो तो धावला. ससे आमच्या गॅलरीत आले, बदकं कुणाच्या न्हाणीघरात गेली, एमूला चौघांनी चादरीत धरून सोसायटीच्या कार्यालयात कोंडलं. ज्या गृहस्थांनी वासाबद्दल महापालिकेत तक्रार केली होती, त्यांनी मुकाट्याने टर्की आपल्या गॅरेजमध्ये नेल्या.

राहिली फक्त चांदणी. पाणी तिच्या गुडघ्यांशी लागलं होतं. सोनवणेकाका दोर ओढत होते आणि ती थरथरत मागे मागे सरकत होती. युसुफचाचांना फोन लागला, पण पंचवटीकडून येणारा पूल बंद झाला होता.

मी फाटकाशी उभी होते. माझ्या बाजूने कुणीतरी पाण्यात उतरलं... पाहते तर आई. साडीचा ओचा खोचलेला, ओठ घट्ट मिटलेले. काका ओरडले, "वहिनी, तुम्ही नका येऊ, ती लाथ मारेल." आई वळसा घालून चांदणीच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला गेली, जरा थांबली, आणि तिने आपला हात त्या भिजलेल्या मानेवर ठेवला.

"मला पण भीती वाटते गं," आई तिला म्हणाली. "आपण दोघी हळूहळू जाऊ."

चांदणीचे कान तिच्याकडे वळले. आई बोलत राहिली — घराबद्दल, कोरड्या जागेबद्दल, काहीबाही — आणि एक पाऊल टाकून थांबत, मग दुसरं टाकत, त्या दोघी पाण्यातून बाहेर आल्या. आमच्या जिन्याखालच्या कोरड्या फरशीवर पोहोचल्यावर आई पायरीवर मटकन बसली आणि रडू लागली. घोडीने मान खाली घालून तिच्या खांद्याचा वास घेतला. त्या क्षणी मला आईचा जितका अभिमान वाटला, तितका पुढे स्वतःच्या कुठल्याही यशाचा वाटला नाही.

पाणी ओसरल्यावर युसुफचाचा आले. सगळं ऐकून त्यांनी आईपुढे हात जोडले. "वहिनी, ती माझ्याबिगर कुणाबरोबर पाण्यातून जात नव्हती." त्यानंतर आई रोज संध्याकाळी आवारात जाऊ लागली. कॉलनीने वर्गणी न मागता, हाताने पुन्हा जाळ्या बांधल्या, पत्रे चढवले; रविवारी दूरदूरच्या वस्त्यांतून लोक मुलांना घेऊन यायचे आणि आम्ही मुलं ऐटीत त्यांना सगळं हिंडवून दाखवायचो.

चांदणी म्हातारी होऊन एका हिवाळ्यात गेली, तेव्हा तिच्या एका बाजूला चाचा बसले होते आणि दुसऱ्या बाजूला आई. पुढे सोनवणेकाकाही गेले. नवे प्राणी आणायचे नाहीत असं ठरलं, जुने एकेक करून संपले, आणि आज तिथे चालायची फरसबंद वाट आहे, व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत.

मागच्या महिन्यात आईला घेऊन बँकेत गेले होते. रांगेतला एक उंच तरुण वळून पाहू लागला, मग जवळ आला. "काकू, ओळखलं नाही ना? मी रविवारी सिडकोतून यायचो बाबांबरोबर. तुम्ही चांदणीच्या काकू ना?" त्याने आईला आपल्या जागी पुढे उभं केलं आणि कडेवरच्या मुलीला सांगू लागला, "या काकूंनी आम्हांला घोडीवर हात फिरवू दिला होता..."

परतताना मी आईला म्हटलं, "लोक तुला अजून त्याच नावाने ओळखतात."

आई रिक्षाबाहेर बघत होती. "बरं आहे," ती म्हणाली. "तेवढंच तिचं नाव कुणाच्या तोंडी येतं."