खांडीतला हात

माझं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं दिवा गाव, सासर बाळकुमचं, आणि दोन्हीकडे मीठच. मला अक्षर म्हातारपणी आलं, सुनेनं शिकवलं. त्यामुळे शोभेचं लिहिता येत नाही, आणि सांगायचंय तेही शोभेचं नाही.

आमच्याकडे मिठागराच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की गडी हातात हात गुंफून त्या खांडीत उभे राहायचे. माणसांचीच भिंत. तिच्या आडोशाने बायका मागून चिखल आणि पेंढा टाकायच्या, आणि समोरून भरती ढकलत राहायची. माघाच्या पुनवेला असंच उधाण आलं. माझा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ शेजारी शेजारी उभे होते. मी चिखलाची पाटी रिकामी करून वर पाहिलं, तर भिंतीत एका माणसाची जागा मोकळी होती. दीर ओहोटीला तिवरांच्या मुळांत सापडला. खेकड्यांनी त्याचा चेहरा ठेवला नव्हता. सासूने त्याला पायाच्या अंगठ्यावरून ओळखलं.

नवरा रडला नाही. आधी त्याचं जेवण सुटलं, मग झोप सुटली, आणि मग हात चालू झाले. दारातला कुत्रा त्याने कुदळीने मारला. घराची कवाडं फोडली. मी आडवी गेले तेव्हा माझा डावा हात कोपरात मोडला. तो अजून सरळ होत नाही, भाकरी थापताना रोज दुखतो. आणि हा तोच माणूस, जो लग्नात माझ्या तोंडाकडे बघायला लाजला म्हणून सगळे त्याला हसले होते!

ठाण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने त्याला तपासलं आणि सांगितलं, मुंबईला वेड्यांचं इस्पितळ आहे, तिकडे पाठवा. ठाण्याचं तेव्हा व्हायचं होतं. सासू म्हणाली, "एक खाडीनं नेला, आता दुसरा सरकारला देऊ काय?" मग गावाने कल्याणच्या पलीकडचा एक भगत आणला.

भगताचं म्हणणं सोपं होतं. अंगात दुसरा कुणीतरी शिरलाय, तो नाव सांगेपर्यंत मारायचं. मार भुताला लागतो, माणसाला लागत नाही. साऱ्या गावाला हे पटलं. मला पटलं नाही, कारण वळांना तेल मी लावत होते. मी तसं बोलले तर नणंदा माझ्यावर तुटून पडल्या. सोनारानेच कान टोचावेत, बायकोने टोचून उपयोग नसतो.

एका दुपारी त्याला खळ्यातल्या खांबाला बांधलं. भगताच्या हातात चिंचेचा ओला फोक होता, आणि बाजूला निखाऱ्यांत विळा तापत होता. फोकाने भूत बोललं नाही तर पाठीवर डाग द्यायचा, असं ठरलेलं. सासू सगळ्यांच्या पुढे उभी राहून ओरडत होती, "मार त्याला, मार! माज्या पोराचे अंगातून निंगू दे!"

पाठ फुटली, रक्त कमरेपर्यंत उतरलं. "तू कोन? बोल, तू कोन?" भगत विचारत होता आणि नवरा दात आवळून गप्प होता. मी रडत नव्हते. मला तो विळा त्या भगताच्याच पाठीवर ठेवावासा वाटत होता.

भगताने विळा उचलला तेव्हा नवऱ्याने तोंड उघडलं. आवाज त्याचाच होता, जराही बदललेला नव्हता.

"आये, मीच हाय. दुसरा कोन नाय. भावाचा हात मीच सोरला. पानी तोंडात गेला, नि मना माजा जीव वाचवावासा वाटला."

सासूने भगताच्या हातातला फोक हिसकावला आणि लेकाच्या तोंडावर दोनदा मारला. जीव खाऊन मारला. तिचा मुलगा गेला होता, आणि त्याचा हात कुणी सोडला ते तिला आत्ता कळलं होतं. मी धरायला गेले तर तिने मलाही ढकललं. तेवढ्यात भगत विळा घेऊन पुढे सरकला आणि म्हणाला, भूत खोटं बोलतंय. सासूने त्याच्याकडे पाहिलं, आणि फोक मोडेपर्यंत त्यालाच झोडलं. तो विळा टाकून पळाला, पागोटं खळ्यातच राहिलं. त्या दिवशी सासू मला पहिल्यांदा आवडली.

दोऱ्या आम्ही दोघींनी सोडल्या. तेवढ्याने तो बरा झाला, असं मात्र नाही. अंग थरथरायला लागलं की सासू त्याच्यासमोर बसायची आणि म्हणायची, "सांग." तो तेच सांगायचा, पाणी, भावाची बोटं, सुटलेली पकड. ती तेच ऐकायची. कधी ऐकता ऐकता शिव्या द्यायची, कधी बाहेर जाऊन भिंतीवर डोकं आपटायची, आणि परत येऊन बसायची. मी दोघांना पेज द्यायचे. औषध म्हणून एवढंच होतं. हळूहळू तो जेवू लागला, मिठागरातली जमीन पायांनी तुडवून घट्ट करायला सगळ्यांबरोबर जाऊ लागला.

गाव मात्र विसरलं नव्हतं. पुढच्या हंगामात बांधाला पुन्हा खांड पडली. गडी धावले, रांग धरली. नवऱ्याने टोकाला उभं राहून हात पुढे केला. शेजारच्याने आपला हात मागे घेतला.

"याचा हात नको," तो म्हणाला. दुसरं कुणी पुढे आलं नाही. पाणी आत घुसत होतं आणि माझा नवरा हात पुढे करून उभा होता. त्याचे डोळे मी पाहिले. हा माणूस आता पुन्हा जाणार, आणि या वेळी परत येणार नाही, हे मला कळलं. मला फार भीती वाटली.

बायका खांडीत उतरत नसत. सासूने कासोटा घट्ट खोचला, मला बाजूला सारलं आणि उतरली. शेजारच्या गड्याला कोपराने ढोसून मधे घुसली, डावा हात त्याच्या हातात कोंबला आणि उजवा लेकाच्या हातात दिला. "धर," म्हणाली. पाणी तिच्या छातीला लागलं, मग गळ्याला. मधेच ती डोक्यासकट बुडाली आणि खोकत वर आली. मी चिखल टाकत होते आणि ओरडत होते, काय ते देवाला ठाऊक. अखेर खांड बुजली.

वर आली तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडून वाकडी झाली होती, नखांखाली रक्त साकळलं होतं. मी हळद घेऊन मागे धावले, पण तिला बसायला सवड नव्हती. तो सुजलेला हात वर धरून ती गावात दारोदार फिरली.

"बगा," ती सांगत होती, "माज्या पोरानं किती घट धरला!"