काकडी ते हैदराबाद : मामांचा रुसवा आणि मागची रांग

हैदराबादला लग्नाला जायचं ठरलं तेव्हा श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या घरात दोन तट पडले. एक तट म्हणत होता, स्लीपर बस करू, सगळे एकत्र, गाणी म्हणत जाऊ. दुसऱ्या तटात मी एकटीच होते. मुलाकडचे लोक हैदराबादचे, लग्न तिकडेच, आणि आपल्याच जिल्ह्यातून, राहात्याजवळच्या काकडीहून, हैदराबादचं विमान सुटत असताना रात्रभर बसमध्ये पाय आखडून कशाला जायचं? नवरी म्हणजे माझी भाची ऋतुजा. मी तिची आत्या, नगरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि सुट्टी मिळाली की भटकून इथे लिहिते. माझा भाऊ, सुभाषदादा, आधी नाही म्हणाला, मग ऋतुजाने तोंड पाडलं, मग हो म्हणाला. घरातली जवळची माणसं विमानाने, बाकी वऱ्हाड बसने.

जवळच्या माणसांत पहिलं नाव दत्तूमामांचं. हे वहिनीचे धाकटे भाऊ, आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातले, भाताची खाचरं सांभाळणारे. आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा घेऊन येतो, त्यामुळे मामा नाही तर लग्न अडलंच. दत्तूमामांची आणखी एक ख्याती आहे. कुठल्याही लग्नात कुणी रुसलं की त्यांना बोलावतात. टॉवेल-टोपी कुणाला आधी दिली, पंगतीत कोण कुठे बसलं, यावरून फुगलेली भलीभली माणसं मामांनी हसवून जेवायला बसवली आहेत. स्वतः मात्र कधी रुसले नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सकाळी बेलापूरहून टेम्पो ट्रॅव्हलर केली. श्रीरामपूर, बाभळेश्वर, राहाता आणि मग काकडीचा फाटा. उसाच्या ट्रॉल्यांचे दिवस असतील तर तासभर हातात जास्तीचा ठेवा, एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ओलांडणं म्हणजे कसरत. बाभळेश्वरला मिसळ खाल्ली. झणझणीत होती, पण मामांनी चहाच घेतला. "सकाळी पोट जड व्हतं," म्हणाले. पहाटे तीन भाकरी खाऊन नांगर धरणारा हा माणूस.

वाटेत मी तिकिटाची फोड सगळ्यांना वाचून दाखवली. लॅबच्या रिपोर्टांमुळे मला बारीक अक्षरांचं वेड आहे. मूळ भाडं एक, मग विमानतळ विकास शुल्क, सुरक्षा शुल्क, कर, आणि तळाशी सोयीचं शुल्क.

"सोयीचं म्हंजी कुनाच्या सोयीचं?" मामांनी विचारलं.

"आपण मोबाईलवरून तिकीट काढलं ना, त्याचे."

"आपनच काढायचं आन आपनच पैशे द्यायचे? ब्येस हाय. यष्टीच्या तिकिटात बी अपघाताचा रुपया असतोय म्हना." एवढं बोलून ते बाहेर बघत राहिले.

मंडळी, शुल्कांची गंमत विमानतळावर जास्त कळते. विकास शुल्क तिकिटातच असतं, वेगळं कुणी मागत नाही. पोहोचवायला आलेल्यांना आत सोडत नाहीत, त्यामुळे बेलापूरहून नुसता टाटा करायला आलेल्या शेजारणींनी दाराबाहेरच ओवाळलं. माणशी पंधरा किलो सामान, वर किलोमागे दंड. आमच्या आहेराच्या गाठोड्याने काटा असा काही हलवला की दादाचा चेहरा उतरला. वहिनीने तिथेच गाठोडं सोडलं, चार पैठण्या पिशव्यांत कोंबल्या आणि एक शालू चक्क अंगावर गुंडाळला. तरी टॉवेल-टोप्या काट्यावरून विमानाच्या पोटातल्या सामानात गेल्याच. तपासणीत मामांच्या हातातल्या पिशवीतला मानाचा नारळ काढून घेतला. हातातल्या सामानात नारळ चालत नाही, तुम्हीही नेऊ नका. नारळ गेला त्या डब्याकडे मामा बराच वेळ बघत होते.

आणि शेवटचं शुल्क सीटचं. पुढची, पाय पसरायला जागा असलेली रांग हवी तर वेगळे पैसे. दादाने ते वाचवले. म्हणाला, विमान पुढून काय आधी पोचतं? संगणकाने मग ज्याला जिथे टाकायचं तिथे टाकलं. मामा शेवटच्या रांगेत, मी त्यांच्या पुढच्या, दादा-वहिनी-ऋतुजा मधे कुठेतरी.

विमान छोटं, पंख्यांचं. चढायचं दार मागे, शेपटीजवळ. मामा शिडी चढून आत आले, आणि दारालगतच त्यांची सीट होती. त्यांनी विमानभर नजर टाकली. अगदी पुढे, पहिल्या रांगेत, पाय लांब करून कोण बसलं होतं? आमचा लग्नाचा शूटिंगवाला! कॅमेऱ्याच्या बॅगेला जागा हवी म्हणून पठ्ठ्याने स्वतःच्या खिशातून जास्तीचे पैसे भरले होते.

"म्हंजी शूटिंगवाला फुडं आन नवरीचा मामा झाडूच्या कोपऱ्यात?" मामा मोठ्याने म्हणाले. "मी न्हाई बसत."

आणि वाटेत उभेच राहिले. मागे शिडीवर माणसं खोळंबली.

हवाई सेविका हैदराबादची, तरुण, बोलायला गोड. "अंकल, बैठ जाइए, बेल्ट लगाना है."

"बेल्ट-बिल्ट न्हाई. आधी मान."

दादा मधूनच उठून आला, हात जोडले. "दत्तू, चुकलं माझं. तिकडं उतरलो की काय पायजे ते करतो."

"दाजी, तुमी मधी पडू नका."

शूटिंगवाला बिचारा जागा द्यायला उठला, तर सेविकेने त्याला बसवलं. लहान विमानात वजनाचा तोल बघून माणसं बसवतात, उड्डाणाआधी पुढची मागे करता येत नाहीत. वहिनी लांबून ओरडली, "दत्त्या, पोरीचं लगीन हाय रं!" ऋतुजा रडायच्या बेतात. मोबाईल वर झाले, कुणीतरी चित्रण सुरू केलं.

मग वैमानिक स्वतः आले. आवाज चढवला नाही. सूचना न पाळणारा प्रवासी म्हणून उतरवावं लागेल, सामानही काढावं लागेल, पुढे काही महिने विमानात बसता येणार नाही, असं हिंदीत सांगितलं. पाच मिनिटं दिली. मला खरंच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुहूर्त होता. मामा इथे उतरले तर रुसलेले उतरणार, आणि रुसलेला माणूस बस धरून मागून येत नाही.

माझं कुतूहल मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकलं होतं. हा माणूस आयुष्यात रुसला नाही, मग आज का? मी मामांच्या हाताकडे बघितलं. सीटची पाठ अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडलेली. कपाळावर घाम, आत गारवा असताना.

असा हात मी रोज बघते. लॅबमध्ये जो माणूस नंबरावरून भांडतो, पावतीवरून भांडतो, खुर्ची कमी उंचीची आहे म्हणून भांडतो, तो हमखास सुईला भ्यालेला असतो. त्याला "घाबरू नका" म्हटलं की जास्तच भांडतो.

मी उठून मामांजवळ गेले. आवाज बारीक केला, पण चार रांगांना ऐकू जाईल इतकाच.

"मामा, मान राहू द्या घडीभर. माझं एक काम करा. मला विमानाची फार भीती वाटते हो. तुमच्या शेजारची सीट रिकामी आहे. मी तिथे बसते, तुम्ही माझा हात धरा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. या आत्याबाई आजवर कुठे कुठे उडून आल्या ते त्यांना चांगलं माहीत होतं.

"भ्या वाटतं तुमाला?"

"फार."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय!" आणि सगळ्या विमानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आत्याबाई भ्यात्यात म्हनून बसतो. न्हाईतर बसलो नसतो."

सेविकेने आत विचारून एका रांगेची अदलाबदल चालेल म्हणून सांगितलं. विमान हललं, पंखे घरघरले, आणि मामांनी माझा हात जो आवळला तो अजून आठवतो. डोळे घट्ट मिटलेले, ओठांवर कुलदैवत. मी मोठ्याने म्हणत होते, "बाई गं, काय हा वेग!" अभिनयाचं बक्षीस असतं तर मला मिळालं असतं.

वर गेल्यावर त्यांनी एक डोळा उघडला. खाली उसाचे चौकोन, मधून नदीची वळणं.

"ही परवरा?"

"प्रवराच."

"आमच्या हितनं निघती." दुसरा डोळाही उघडला. "हितं आलीय व्हय, लबाड." पुढचा तास त्यांची मान खिडकीतून वळली नाही. हात मात्र सोडला नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना हैदराबादला कळली. दार मागे, त्यामुळे मागची रांग सगळ्यांत आधी उतरते. नवरीच्या सासरगावाला पहिलं पाऊल मामांचं पडलं, आणि शूटिंगवाला शेवटी उतरला, त्यामुळे ते चित्रण काही झालं नाही.

लग्नाचं काय सांगू! पप्पूचारू नावाची आंबट डाळ, भेंडीची कुरकुरीत भाजी, पुढ्यात केळीचं पान. आपल्या पंगतीपेक्षा निराळं आणि फार चवदार. तिकडच्या लोकांनी आमच्या मामांना खास खुर्ची दिली, मामांनी ऋतुजाला बोहल्यावर आणलं तेव्हा दादापेक्षा तेच जास्त रडले. माझी मात्र पुरती शोभा झाली. "आत्या विमानाला घाबरतात" हे मुलाकडच्यांपर्यंत पोचलं होतं. विहीणबाईंनी मला आलं-लिंबू आणून दिलं. लहान पोरं हाताची विमानं करून माझ्या अंगावर सोडत होती. प्रवासाचं लिहिणारी बाई आणि विमानाला घाबरते! खोटं कशाला बोलू, मला ते लागलं. मामा हे सगळं ऐकत होते आणि पान चघळत होते. एकदा वाटलं, सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर पुढच्या दहा लग्नांत रुसवे काढायला त्यांना कुणी बोलावलं नसतं. गप्प बसले.

परतीच्या विमानात दादाने शहाणपण केलं, पैसे भरून मामांना पहिली रांग घेतली. मामांनी सीटचा नंबर बघितला आणि काउंटरवरच बदलून मागची मागितली. "आधी उतरता येतं," म्हणाले. मी त्यांच्या पुढच्या रांगेत. त्यांच्या शेजारी पन्नाशीचे एक साहेब, कडक इस्त्रीचा शर्ट, महागडं घड्याळ.

हे साहेब चढल्यापासून तापलेले. बॅग वर का बसत नाही, पाणी कुठे आहे, एवढी शुल्कं घेता आणि सीट अशी? सेविका दुसरी होती, पण नम्रता तीच. फोन बंद करा म्हटलं तर उठून उभे राहिले. "मी कोण आहे माहीत आहे का?" मराठीतच. तिने एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, आणि मग ती वैमानिकाच्या दाराकडे निघाली. पुन्हा तेच सगळं सुरू होणार, असं वाटून वहिनीने डोळ्यांवर हात ठेवला.

तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला, खाचरात पलीकडच्या बांधावर हाक मारावी तसा.

"सायेब, बसा. भ्या वाटतंय तुमाला."

"कुणाला? मला?"

"मलाबी वाटलं हुतं. येताना. पाय लटलट कापत हुते. मंग मी मानाचं सोंग केलं, रुसलो. या आत्याबाईंनी वळखलं. सवताला भ्या वाटतं म्हनल्या आन माजा हात धरला. चार दिस समदी त्यांना हसत्यात, आन मी गप ऱ्हायलो. त्यांना कशाचं भ्या? भ्यालो मीच हुतो."

वहिनी मागे वळून भावाकडे बघत होती. दादाचं तोंड उघडं. माझे डोळे भरून आले, ते पुसायला मी खिडकीकडे वळले.

"बसा," मामा पुन्हा म्हणाले, "ह्यो घ्या हात."

साहेबांनी हात घेतला नाही. पण बसले. फोन बंद केला, पट्टा लावला. विमान धावायला लागलं तेव्हा मागून मामांचा आवाज ऐकू आला, "आता जरा पोटात गोळा येईल. मंग उतरताना परवरा दिसंल."

बेलापूरला पोचल्यावर दादाने अंगणातच विचारलं, "म्हणजे दत्तू, तो रुसवा खोटा होता तर?"

"खोटा कसा? भ्या बी खरं, रुसवा बी खरा. शूटिंगवाला फुडं आन मामा मागं, ह्ये बरं न्हाईच."

मग काय, गाठोडं सोडलं. मामांना पाटावर बसवून टॉवेल-टोपी, नारळ, सगळं रीतसर झालं. टोपी घालून ते अकोल्याच्या जीपमध्ये बसले, अर्थातच पुढे, ड्रायव्हरशेजारी.

नगरला परतून आता बरेच दिवस झाले. तिकिटाची फोड अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे, आणि कुणी विचारलं की मी सांगते: शुल्कं आधी वाचा, सामान घरीच मोजा, नारळ खालच्या सामानात टाका, पंख्यांच्या विमानात पुढच्या रांगेला पैसे घालवू नका. परवा मामांचा फोन आला. ऋतुजाने दिवाळसणानंतर सगळ्यांना हैदराबादला बोलावलंय.

"आत्याबाई, तिकीट काढा. मागचीच रांग. तिला पैशे न्हाई ना पडत?"

"नाही पडत, मामा."

"मंग दोन काढा. माजं आन शेजारी तुमचं." हसत म्हणाले, "तुमाला भ्या वाटतं ना. हात धराया मी हाय."